प्रवरेच्या उगमाचा मुलूख

अकोला असें नांव कानीं पडलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें वऱ्हाडांतील काळी जमीन, कापसाचीं शेतें आणि वैशाखांतील रखरखीत ऊन हीं उभीं राहतात. त्या नांवाशीं मिळतें-जुळतें नांव धारण करणारें अकोले मात्र अगदीं निराळ्या प्रकृतीचें आहे. पूर्वीं अहमदनगर आणि २०२४ सालापासून अहिल्यानगर ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा हा अगदीं पश्चिमेकडील तालुका होय. उत्तरेस इगतपुरी व सिन्नर, पश्चिमेस शहापूर व मुरबाड, दक्षिणेस जुन्नर आणि पूर्वेस संगमनेर अशा शेजाऱ्यांच्या मध्यें तो सह्याद्रीचा माथा व्यापून बसला आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर त्याच्या सीमेवर आहे. हरिश्चंद्रगडासारखा पुराणपुरुष त्याच्या दक्षिण अंगाला आहे. आणि नगर जिल्ह्याच्या सुपीक उंसाच्या पट्ट्याला जगविणारी प्रवरा ह्याच डोंगरांत जन्म घेते. दुष्काळी म्हणून ख्यात असलेल्या जिल्ह्याच्या उशाशीं असा जलसंपन्न मुलूख असावा, ही गोष्ट प्रथम ऐकणाराला नवलाची वाटते. परंतु त्याहून मोठें नवल पुढेंच आहे. जेथें पाणी जन्मतें तेथील माणसाला तें कितपत मिळतें, ह्या प्रश्नांत ह्या तालुक्याचा अर्धा इतिहास सांठविलेला आहे.

ह्या मुलुखाची रचना समजून घ्यावयाची तर पावसाची वाटणी प्रथम पाहिली पाहिजे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर आदळतात आणि घाटमाथ्यावर आपला भार रिकामा करतात. घाटघर, रतनवाडी ह्या बाजूला वर्षाला पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जों जों जावें तों तों तो ओसरत जातो, आणि अकोले गांवापर्यंत येतां येतां त्याचा एक लहानसा अंशच उरतो. एका दिवसाच्या पायवाटेत इतका फरक क्वचितच कोठें आढळेल. म्हणून तालुक्याचे सहजच दोन भाग पडतात. पश्चिमेकडचा तो डांगाण : भाताचीं खाचरें, नागलीच्या वरकस जमिनी, हिरड्या-जांभळांचीं रानें आणि कारवीनें झांकलेले उतार. पूर्वेकडचा तो देश : मळे, विहिरी, बाजरी आणि ऊंस. ह्या दोहोंना जोडणाऱ्या तीन नद्या आहेत. मधून प्रवरा, दक्षिणेकडून मुळा आणि उत्तरेकडून आढळा. प्रवरेचा प्रवास पुढें नेवाशाजवळ गोदावरीच्या संगमावर संपतो.

अकोले हें तालुक्याचें मुख्य ठिकाण प्रवरेच्या कांठीं वसलेलें आहे. अगस्ति ऋषींचा आश्रम येथें होता अशी परंपरा असून नदीतीरावरील त्यांच्या देवस्थानाला आजहि महाशिवरात्रीला मोठा समुदाय लोटतो. विंध्य ओलांडून दक्षिणेस आलेला पहिला ऋषि म्हणून अगस्तीची ख्याति आहे, आणि दक्षिणेंत त्याच्या आश्रमाचा मान सांगणारीं स्थळें अनेक आहेत. त्यांतील खरें कोणतें हा वाद निष्फळ होय. एवढें मात्र म्हणतां येतें कीं, घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या जुन्या वाटा ज्या मुलुखांतून जात, त्या मुलुखांत पहिल्या पांथस्थ ऋषीची आठवण रुजावी हें स्वाभाविक आहे. गांवांतील सिद्धेश्वराचें प्राचीन देऊळहि पाहण्यासारखें आहे. त्याच्या खांबांवरील व भिंतींवरील कोरीव काम पाहिलें म्हणजे हें गांव एकेकाळीं केवळ आडवाटेचें खेडें नव्हतें ह्याची साक्ष पटते.

अशीच, किंबहुना ह्याहून सरस, साक्ष रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ देतें. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पलीकडल्या टोंकाला, रतनगडाच्या पायथ्याशीं हें मंदिर उभें आहे. शिलाहार वंशांतील झंझ राजानें नद्यांच्या उगमांवर बारा शिवालयें बांधलीं व त्यांतील हें एक, असें परंपरा सांगते. काळ्या दगडाचें उंच शिखर, त्यावरील नक्षीच्या उभ्या पट्ट्या आणि समोरची कोरीव कोनाड्यांची पुष्करणी हीं पाहतांना वेळ कसा जातो तें कळत नाहीं. येथून वर रानांतून चढत गेलें म्हणजे रतनगड लागतो. ह्या गडाच्या माथ्यावर वाऱ्या-पावसानें खडकाला आरपार भोंक पाडलें आहे. त्याला नेढें म्हणतात. सुईच्या नेढ्यांतून दोरा ओवावा तसा येथें वारा ओवला जातो. त्यांत बसून पाहिलें असतां एका बाजूला आजोबा डोंगर व कोंकणचा उतार आणि दुसऱ्या बाजूला जलाशयाचा विस्तार एकदम दृष्टीस पडतो. प्रवरेचा उगम ह्याच गडाच्या कुशींत मानतात. रत्नाबाईच्या गुहेपुढें हात जोडून पुढें जाणारा यात्रेकरू आणि कातळ पाहून थक्क होणारा प्रवासी ह्या दोघांनाहि येथें आपापलें दैवत भेटतें.

दक्षिणेकडे मुळेच्या खोऱ्याच्या माथ्यावर हरिश्चंद्रगड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें १,४२४ मीटर उंचीचा हा गड खऱ्या अर्थानें किल्ला कमी व तीर्थक्षेत्र अधिक. पाचनई गांवाकडून वर चढणारी वाट कातळाच्या भिंतीखालून जाते आणि माथ्यावर पोहोंचतांच हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशीं येते. सुमारें पन्नास फूट उंचीचें हें देऊळ कातळांत उतरवून काढलेल्या अंगणांत उभें आहे. त्याच्या परिसरांत गुहा आहेत, बर्फासारख्या थंड पाण्याचीं टांकीं आहेत, आणि जवळच केदारेश्वराची प्रचंड गुहा आहे. ह्या गुहेंत कमरेइतक्या पाण्यांत मोठें शिवलिंग आहे. त्याच्या भोंवतीं चार खांब होते. आज त्यांतील एकच सबंध उरला आहे. प्रत्येक खांब एकेका युगाचा, आणि चौथा कोसळेल तेव्हां कलियुग संपेल, अशी लोकांची श्रद्धा आहे. खडकांतून झिरपणारें पाणी शतकानुशतकें दगड कसा पोखरतें हें ज्याला ठाऊक आहे, त्यालाहि त्या उरलेल्या एका खांबाकडे पाहून क्षणभर गंभीर झाल्यावांचून राहवत नाहीं.

ह्या गडाचा मराठी वाङ्मयाशींहि संबंध आहे. योगी चांगदेवाचें नांव येथील शिलालेखांत आढळतें, आणि त्याचा तत्त्वसार हा ग्रंथ शके १२३४, म्हणजे इ. स. १३१२ मध्यें, ह्याच गडावर रचला गेला असें मानतात. येथें एक योग लक्षांत घेण्यासारखा आहे. जी प्रवरा अकोल्याच्या डोंगरांत उगम पावते, तिच्याच कांठीं नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. नदीच्या खालच्या टोंकाला ज्ञानेश्वरांचा ग्रंथ आणि बावीस वर्षांनीं वरच्या डोंगरांत चांगदेवाचा. एका पाणलोटाच्या दोन टोंकांना मराठी भाषा बाळसें धरीत होती. आज जो प्रदेश मागासलेला म्हणून गणला जातो, तो त्या काळीं योग्यांच्या व पंडितांच्या वहिवाटींतला होता हें ह्यावरून दिसतें.

हरिश्चंद्रगडाच्या पश्चिम टोंकाला कोंकणकडा आहे. पर्वत जेथें एकाएकीं संपतो आणि भिंतीसारखा खालीं कोसळतो तें हें स्थान. नागानें फणा पुढें वांकवावा तसा हा कडा आंत वळलेला असून त्याच्या तोंडाशीं उभें राहिलें कीं खालचा कोंकण नकाशासारखा पसरलेला दिसतो. खालून वर येणाऱ्या वाऱ्याचा जोर असा कीं, फेंकलेली हलकी वस्तु पुष्कळदां परत वर येते. पावसाळ्याच्या दिवसांत येथें इंद्रवज्र नांवाचा चमत्कार दिसतो. पाहणाऱ्याच्या पाठीशीं सूर्य आणि समोरच्या दरींत दाट धुकें असलें म्हणजे धुक्यावर रंगांचें पूर्ण वर्तुळ उमटतें, आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागीं पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली असते. जमिनीवरून दिसणारें इंद्रधनुष्य अर्धेंच राहतें, कारण त्याचा खालचा भाग भूमि अडविते. येथें समोर भूमीच नाहीं. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या हवामानावर १८३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ह्या गडावरील वर्तुळाकार धनुष्याचें वर्णन केलें आहे. दोन माणसें शेजारीं उभीं असलीं तरी प्रत्येकाला आपापल्या सावलीभोंवतींचेंच कडें दिसतें, ही ह्या दृश्याची गंमत आहे.

ह्या मुलुखांत किल्ल्यांची वाण नाहीं. अलंग, मदन व कुलंग ह्या तीन अवघड किल्ल्यांची रांग उत्तर सीमेवर उभी आहे. आणि पूर्वेकडे पट्टा ऊर्फ विश्रामगड आहे. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराज जालन्याची मोहीम आटोपून परतत असतां मोंगली फौज त्यांच्या पाठीवर होती. बहिर्जी नाइकानें आडवाटांनीं सैन्य सुखरूप बाहेर काढलें आणि ते पट्ट्यावर येऊन पोहोंचले. थकल्या राजानें येथें विसांवा घेतला, म्हणून त्याचें नांव विश्रामगड पडलें. पुढें १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनीं सह्याद्रींतील किल्ले निकामी करण्याचें धोरण धरलें. त्यांचीं दारें, पायऱ्या व पाण्याच्या वाटा उद्ध्वस्त झाल्या. दगडांचें नुकसान तर उघड दिसलें. पण माणसांचें जें नुकसान झालें तें लवकर दिसलें नाहीं.

तें नुकसान महादेव कोळ्यांचें होतें. डांगाणांतील ह्या जमातीचे नाईक पिढ्यान् पिढ्या घाट राखीत, किल्ल्यांच्या बंदोबस्तांत असत आणि त्याबद्दल त्यांना नेमणुका मिळत. किल्ले गेले तेव्हां चाकरी गेली, नेमणुका घटल्या, आणि रोकड साऱ्याची पद्धति आली. डोंगरांतील शेतकऱ्यापाशीं धान्य असे, रान असे, पण नाणें नसे. नाण्यासाठीं तो सावकाराच्या दारीं गेला आणि जमीन गहाण टाकून परत आला. १८२८ च्या सुमारास रामजी भांगरे व त्याचे सोबती ह्यांनीं बंड पुकारलें. तें मोडलें, परंतु कारणें जशींच्या तशीं राहिलीं. रामजीचा मुलगा राघोजी हा देवगांवचा. १८४४ च्या सुमारास त्यानें पुन्हां शस्त्र उचललें. ह्या बंडाचा रोख प्रथम सावकारांवर होता. खतें व कागद हिसकावून घेणें हा त्याचा मुख्य भाग होता. रयत बंडवाल्यांना अन्न देई, आसरा देई, आणि सरकारी शिपायांना वाट चुकवी. चार वर्षें हा खेळ चालला. १८४८ च्या प्रारंभीं पंढरपूर येथें राघोजी पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याला फांशी देण्यांत आलें. पुढें १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांच्या देशावरील गांवांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या जाळल्या, तो प्रसंग इतिहासांत दख्खनचा दंगा म्हणून गाजला. डांगाणांतील कोळ्यांनीं तीच तक्रार त्याच्या तीस वर्षें आधीं मांडली होती. ती ऐकून घेण्याइतकी सवड मात्र राज्यकर्त्यांना झाली नाहीं.

ह्याच जमातीच्या स्वाभिमानाची दुसरी कथा कळसूबाईच्या शिखराशीं निगडित आहे. १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच आहे. कळसू ही एक कोळ्याची मुलगी. ती डोंगराच्या पायथ्याच्या गांवीं एका घरीं कामाला राहिली, पण राहतांना तिनें अट घातली कीं भांडीं घांसणें आणि केर काढणें हें आपण करणार नाहीं. एके दिवशीं घरीं पाहुणे आले आणि मालकांनीं तिला तेंच काम सांगितलें. तिनें तें केलें, आणि केल्यावर कोणाशीं न बोलतां डोंगर चढून गेली. ती पुन्हां खालीं आली नाहीं. तिनें भांडीं घांसलीं त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, आणि शिखरावर तिचें लहानसें देऊळ आहे. नवरात्रांत आसपासच्या गांवांतील स्त्री-पुरुष भक्तीनें तेथें चढतात. बारी गांवाकडून जाणाऱ्या वाटेवर अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, त्यामुळें सामान्य प्रकृतीच्या माणसालाहि तीन-चार तासांत माथा गांठतां येतो. वर उभें राहिल्यावर किल्ल्यांच्या रांगा मोजण्यांत बहुतेकांचा वेळ जातो. ज्या मुलीनें दिलेला शब्द मोडलेला सोसला नाहीं तिचें स्थान साऱ्या राज्याच्या डोक्यावर आहे, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानांत येतें.

आतां भंडारदऱ्याकडे वळलें पाहिजे. नगर जिल्ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकामागून एक दुष्काळ सोसले. १८७६ ते १८७८ चा आणि शतकाच्या अखेरचा, हे दोन दुष्काळ तर लोकांच्या स्मरणांतून पिढ्यान् पिढ्या गेले नाहींत. प्रवरेचें पावसाळी पाणी अडवून खालच्या रखरखीत पट्ट्याला द्यावें ही कल्पना त्यांतूनच पक्की झाली. शेंडी गांवाजवळ १९१० सालीं धरणाचें काम सुरू झालें आणि १९२६ मध्यें मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. म्हणून त्याला विल्सन धरण म्हणतात. चुन्यांत बांधलेल्या दगडी भिंतीची उंची ८२ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें २७० फूट आहे. त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत उंच धरणांमध्यें त्याची गणना होती. मागील जलाशयांत सुमारें अकराशें कोटि घनफूट पाणी मावतें. धरणांतून पाणी सोडतात तेव्हां तें एका गोल खडकावरून छत्रीच्या आकारानें पसरून पडतें. त्या प्रपाताला प्रवासी अंब्रेला फॉल म्हणतात. तेथून नदीच्या कांठानें थोडें खालीं गेलें म्हणजे रंधा धबधबा येतो. तेथें सबंध प्रवरा खोल घळींत उडी घेते, आणि तिच्या कड्यावर घोरपडादेवीचें ठाणें आहे. पावसाळ्यांत ह्या धबधब्याचा घोष ऐकावा. उन्हाळ्यांत त्या जागीं बहुधा ओला कातळच दिसतो.

ह्या धरणानें काय केलें? संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी ह्या भागांत कालवे गेले, ऊंस आला, गुळाचीं गुऱ्हाळें व साखरेचे कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें लोणी येथें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्याच्या उदाहरणावरून महाराष्ट्रभर सहकाराची चळवळ फैलावली. हें सर्व यश खरें आहे आणि अभिमानास्पद आहे. परंतु ज्या खोऱ्यांत हें पाणी अडविलें गेलें तेथील भाताचीं खाचरें जलाशयाखालीं गेलीं, आणि शेतकरी वर डोंगराच्या उतारावर सरकला. उतारावर माती पातळ. पावसाळ्यांत तेथें हात ठेवूं तेथें पाणी, आणि चैत्रांत झरे आटलेले. काळा कातळ पाणी धरून ठेवीत नाहीं. तें उतारावरून वाहून जलाशयांत जातें, आणि जलाशय गांवाच्या खालीं असतो. खालचें पाणी वर चढवावयाचें तर यंत्र हवें, वीज हवी, पैसा हवा. म्हणून डोळ्यांसमोर निळा तलाव आणि डोक्यावर रिकामा हंडा, असें दृश्य डांगाणांतील वाड्यांवर उन्हाळ्यांत दिसतें.

वीज मात्र ह्याच डोंगरांत तयार होते. घाटघर येथील प्रकल्प २००८ पासून कार्यान्वित आहे. त्याची युक्ति मोठी चतुराईची आहे. घाटमाथ्यावर एक जलाशय आणि कोंकणच्या बाजूला खालीं दुसरा, असे दोन तलाव बांधलेले आहेत. ज्या वेळीं विजेची मागणी अधिक असते त्या वेळीं वरचें पाणी डोंगराच्या पोटांतून खालीं सोडतात आणि २५० मेगावॅट वीज काढतात. रात्रीं मागणी घटली म्हणजे तेंच पाणी यंत्रांनीं परत वर चढवितात. शहरांच्या गरजेसाठीं पाणी रोज डोंगर चढतें, ही गोष्ट वरच्या वाड्यांतील बायका पाहतात आणि त्यांना जें वाटत असेल तें वेगळें सांगावयास नको. प्रवरेवरच पुढें निळवंडें धरण झालें. त्याची कल्पना १९७० सालची. त्याच्या ८५ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्यांत पाणी सोडण्याचा समारंभ पंतप्रधानांच्या हस्तें २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं झाला. मधलीं त्रेपन्न वर्षें म्हणजे दोन पिढ्यांची वाट पाहणें होय. शिवाय टंचाईच्या वर्षीं पैठणच्या जायकवाडीसाठीं वरच्या धरणांतून पाणी सोडावें लागतें, आणि नगर व मराठवाडा ह्यांच्यांत वाद उभा राहतो. त्या वादांत देशावरच्या दोन्हीं पक्षांचा आवाज मोठा असतो. उगमाजवळच्या माणसाचा आवाज क्वचितच ऐकूं येतो.

तरी हा मुलूख केवळ कीव करण्याजोगा नाहीं; त्याचें स्वतःचें ज्ञान आहे. येथील डांगी गाय-बैल पहावेत. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेल्या ह्या जनावरांच्या कातडींतून तेलकट द्रव पाझरतो आणि त्यामुळें मुसळधार पावसांतहि तीं आजारी पडत नाहींत. दुसऱ्या जातीचें जनावर जेथें चिखलांत कुडकुडतें तेथें डांगी बैल दिवसभर खाचरांत राबतो. राजूर येथें ह्या जनावरांचें प्रदर्शन भरतें. बियाण्यांचीहि तीच गोष्ट आहे. कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं भात, वाल, घेवडे आणि रानभाज्या ह्यांचें देशी बियाणें जपून त्याची बँक उभारली, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रीनें शास्त्रज्ञांना उपयोगी पडेल असें धन गोळा करावें, ह्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. ज्या डोंगरांत बाहेरचें बियाणें टिकत नाहीं तेथें घरचें बी जपणें हाच पिढ्यांचा धर्म होता. त्यांनीं तो मोडूं दिला नाहीं इतकेंच.

१९८६ सालीं कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड ह्यांच्या मधला सुमारें ३६० चौरस किलोमीटरांचा प्रदेश अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. बिबट्या, शेकरू आणि अनेक पक्षी येथें आहेत. पण अलीकडे ह्या रानाची ख्याति झाली ती काजव्यांमुळें. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधीं, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लाखों काजवे एकत्र येतात आणि एका तालांत उजळतात व विझतात. सबंध झाड दिव्यांनीं श्वास घेत आहे असें वाटतें. हें चमकणें म्हणजे नर-मादींचा परस्परांना दिलेला संकेत. वर्षांतून थोडेच दिवस चालणारा तो त्यांचा विवाहकाळ. मोटारींचे प्रखर दिवे आणि विजेऱ्या ह्यांच्या झोतांत हे संकेत हरवतात. शिवाय गवतांत बसलेल्या माद्या पायांखालीं सांपडतात. ज्या दृश्यासाठीं लोक येतात तें त्यांच्या येण्यानेंच नाहींसें होण्याचें भय आहे, म्हणून वनखात्याला रात्रींच्या वाहनांवर निर्बंध घालावे लागले आहेत. साम्रद गांवाजवळची सांधण दरी ही अशीच दुसरी नवलाई. दोन उभ्या कातळभिंतींमधील ही चिंचोळी घळ इतकी खोल आहे कीं दुपारखेरीज तिच्या तळाला ऊन पोहोंचत नाहीं. पावसाळ्यांत तिच्यांत उतरणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. कोरड्या ऋतूंत, आणि तेहि वाटाड्या घेऊनच, तिच्यांत जावें.

प्रवास अवघड नाहीं. मुंबईहून वा नाशिकहून येणाऱ्यानें घोटी गांठावी; तेथून बारी व शेंडी जवळ आहेत. पुण्याकडून येणाऱ्याला संगमनेर व अकोले ह्या मार्गानें येतां येतें. धबधबे पहावयाचे तर आषाढ-श्रावणांत यावें, रानफुलांसाठीं भाद्रपदांत, आणि गड चढावयाचे तर कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. धुक्यांत कोंकणकड्याच्या धारेजवळ जाऊं नये, ओल्या शेवाळावर पाऊल ठेवूं नये, आणि स्थानिक वाटाड्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी त्याच्यावांचून अनोळखी घळींत शिरूं नये. मुक्काम शक्यतो गांवांतील घरीं करावा. तेथें मिळणारी नागलीची भाकरी, पिठलें आणि नव्या भाताचा वास ह्यांची सर उपाहारगृहाच्या पंगतीला येत नाहीं. शिवाय दिलेला पैसा ज्याच्या दारांतून वाट जाते त्याच्याच हातीं पडतो. बाटल्या, पिशव्या व उष्टें आणलें तसें परत न्यावें. गडावरचीं टांकीं हीं केवळ पाहण्याचीं स्थळें नाहींत; तीं गुराख्याच्या आणि यात्रेकरूच्या पिण्याचीं आहेत.

शहरांतील माणूस डोंगराळ प्रदेशाकडे बहुधा विश्रांतीची जागा म्हणून पाहतो. विश्रामगडाचें नांव आठवलें म्हणजे त्यांत कांहीं गैर नाहीं असें वाटतें. छत्रपतींनींहि येथें विसांवा घेतला होता. परंतु त्यांना येथें आणणारे पाय ह्या वाटांवर वाढलेले होते आणि त्या पायांची किंमत त्यांना ठाऊक होती. आज अकोल्याच्या डोंगरांतून पाणी जातें, वीज जाते, हिरडा जातो, भात जातो, आणि आठवड्याच्या अखेरीस आनंदहि जातो. त्याच्या मोबदल्यांत वर काय येतें, हा हिशेब अद्याप कोणीं पुरता मांडलेला नाहीं. गांवांच्या वरच्या अंगाला लहान बंधारे व तळीं, उपसा पाण्याचा हक्काचा वांटा, आणि प्रवाशांच्या येण्यांतून गांवकऱ्यांच्या हातांत राहणारें उत्पन्न, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी तो हिशेब पुष्कळसा जुळेल. तोंपर्यंत कळसूबाईच्या शिखरावर चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशानें त्या मुलीची अट आठवावी. काम तिनें नाकारलें नव्हतें. दिलेला शब्द पाळला जावा एवढीच तिची अपेक्षा होती, आणि तिच्या डोंगरांतील माणसांची मागणीहि आजवर ह्याहून मोठी झालेली नाहीं.